काऊबॉय बुवांची संथा

दुबईच्या देरा भागात एका जुन्या इमारतीखाली मल्याळी माणसाचं भाजीचं दुकान होतं. ऑगस्टातल्या एका घामट संध्याकाळी तिथे मी बुवांना पहिल्यांदा पाहिलं. डोक्यावर रुंद काठाची तपकिरी काऊबॉय हॅट, पायात टोकदार बूट, कमरेच्या पट्ट्याला बशीएवढं पितळी बक्कल. एवढा सरंजाम अंगावर वागवत हे गृहस्थ कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून सांगत होते, "भाई, ये कल का है. अंदर से ताजा निकालो." दुकानदाराने मुकाट्याने आतून दुसरी जुडी आणली. बुवांनी ती पिशवीत टाकली, हॅटच्या काठाला दोन बोटं लावली आणि इंग्रजी सिनेमातल्या काऊबॉयसारखं "हावडी" म्हणून ते चालते झाले. मला दुबईत येऊन आठवडाही झाला नव्हता. मला वाटलं, आपल्याला ऊन लागलं.

ऊन लागलं नव्हतं. मी ज्यांच्याकडे राहायची जागा बघायला आलो होतो तेच हे. आमच्या शिपिंग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने पत्ता देताना एवढंच सांगितलं होतं, "मराठी फॅमिली आहे, जेवण घरचं मिळेल. माणूस जरा… तू बघशीलच." तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा बुवांच्या डोक्यावर हॅट नव्हती, आणि त्याच क्षणी मी त्यांना ओळखलं. नव्वदीच्या सुरुवातीला पॉप गाण्यांची जी लाट आली होती तिच्यात यांचं एक गाणं असं काही गाजलं होतं, की गणपतीचा मांडव असो नाहीतर वरात, त्याशिवाय कुणाचे पाय हलत नसत. कॅसेटच्या वेष्टणावर लाल चकचकीत शर्ट घातलेला, केस कपाळावर सोडलेला हाच चेहरा होता. विसर्जनाच्या मिरवणुकीत त्या गाण्यावर नाचताना मी एक चप्पल गमावली होती. तसं मी त्यांना सांगितलं.

"डावी का उजवी?" त्यांनी विचारलं.

"उजवी."

"बरोबर. त्या ठेक्यावर उजवीच जाते." एवढं बोलून त्यांनी तो विषय संपवला. मग मला हॉलमधलं प्लायवूडचं पार्टिशन दाखवलं आणि भाडेकरूची मुलाखत सुरू केली. नोकरी काय, पगार किती, हे काहीच विचारलं नाही. "घोरता का?" म्हणाले. मी नाही म्हटलं. "घोरलात तरी आमची ना नाही. पण शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आमची संथा असते, तेव्हा झोपायचं तर गप झोपायचं."

पॉपची लाट ओसरली, दुसरी कॅसेट काही निघाली नाही, आणि बुवा दुबईच्या एका हॉटेलात गायला आले. बायको-मुलीच्या फॅमिली व्हिसासकट दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट होतं आणि ते पुढे पुढे वाढत गेलं. रोज संध्याकाळी हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये ते आपलं ते एक गाणं आणि दुसऱ्यांची वीस गाणी गात. 'बुवा' हे नाव त्यांना इथल्या कोकणी कामगारांनी दिलं होतं. संगमेश्वराकडे गाणाऱ्या माणसाला बुवा म्हणतात. तो भजन गातो का पॉप गातो, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं.

आता ही हॅट कुठून आली? तर ती आली एका गोवेकरामुळे. बुवांच्या आधी त्या फ्लॅटमध्ये तेलाच्या रिगवर काम करणारा एक गोवेकर राहायचा. जाताना तो बुटांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी माळ्यावर विसरून गेला. त्या सगळ्या अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या गाण्यांच्या, म्हणजे ज्याला कंट्री म्युझिक म्हणतात त्याच्या होत्या. बुवांनी सहज एक लावली आणि संपलंच. बुवांची बायको, म्हणजे वहिनी, मला म्हणाल्या होत्या, "त्या दिवशी हे चहा प्यायला विसरले. बाराव्याला गेले तरी चहा न विसरणारा माणूस."

बुवांचा सिद्धांत असा होता, की ही गाणी मुळात नाकाची आहेत. "अहो, यांचा सगळा कारभार नाकातून चालतो. आणि नाक कुणाचं? आम्हा कोकणस्थांचं! बाकीचे लोक घशातून गातात आणि मरतात." असं म्हणून ते नाकातून एक लांब सूर लावत आणि तो ऐकून शेजारच्या फ्लॅटमधलं सिंधी कुटुंब खिडक्या लावून घेई.

शुक्रवारची ती संथा मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पार्टिशनच्या फटीतून डोकावल्याशिवाय मला राहवलं नाही. बुवांचे वडील भिक्षुक होते. लहानपणी त्यांनी बुवांना मारून मुटकून संथा दिली होती. गुरुजींनी एक ओळ म्हणायची, शिष्याने ती दोनदा म्हणायची, काना-मात्रा, चढ-उतार, थांबणं, सगळं तसंच्या तसं, आणि अर्थ-बिर्थ विचारायचा नाही. बुवांना शिकायची ही एकच रीत माहीत होती. तेव्हा आंघोळ करून, चटईवर मांडी घालून, डोक्यावर हॅट ठेवून ते कॅसेट प्लेअरसमोर बसले होते. बटण दाबलं, अमेरिकन माणूस एक ओळ म्हणाला, बटण थांबवलं. बुवांनी ती दोनदा म्हटली. स्वर वर गेला की मान वर, खाली गेला की मान खाली. एके ठिकाणी तो अमेरिकन ओळीच्या मध्येच खाकरला होता. बुवाही दोन्ही वेळा खाकरले.

गंमत अशी, की बुवांचं एरवीचं इंग्रजी 'यू कम, आय गो' एवढ्यावर भागत असे. पण गायला लागले की उच्चार थेट अमेरिकन; हा माणूस कोकणातला आहे, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. माझं इंग्रजी चांगलं, पण मला त्या गाण्यांतला एक शब्द कळत नसे. एकदा मी म्हटलं, "बुवा, कुणाला तरी विचारून अर्थ काढून घेऊ या का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी मुंजीत मटण मागितलंय.

अर्थ माहीत नसल्यामुळे कुठलं गाणं कशाचं हे ते चालीवरून ठरवत. एक गाणं त्यांनी हळदीचं ठरवलं होतं, एक भांडणाचं. एक संथ, लांबत जाणारं गाणं त्यांनी अंगाई म्हणून मुक्रर केलं होतं. मुलगी लहान असताना, दुबईत आल्या आल्या, नव्या घरात तिला झोप येईना. तेव्हा बुवा ते गाणं तिला थोपटत, चेहऱ्यावर मोठं हसू ठेवून म्हणत. माझ्या वेळेपर्यंत मुलगी पाचवी-सहावीत गेली होती, आई-बापाच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देत होती. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी किंवा ताप आला तर तीच येऊन म्हणे, "बाबा, दॅट स्लो वन." बुवा लगेच हॅट घालून तिच्या उशाशी बसत. हॅटशिवाय त्यांना ती भाषा फुटत नसे.

हॅटवरून आठवलं. वहिनी तिला टोपलं म्हणत. "अहो, ते टोपलं उचला टेबलावरून, ताटं घ्यायचीत." बुवांच्या जाकिटाच्या बाह्यांवर सोनेरी झालर लोंबत असे. ते जाकीट दुबईतल्याच साटवा भागातल्या एका पाकिस्तानी शिंप्याने शिवलं होतं. तो शिवताना शंभरदा म्हणाला होता, "भाईजान, ये परदे का माल है." त्याचं खरं होतं. ज्या दुकानातून ती झालर आणली तिथलेच पडदे आमच्या मॅनेजरच्या ऑफिसात होते. मी रोज सकाळी तिकडे पाहिलं की मला बुवांचे हात आठवत.

एवढा घोडेस्वाराचा थाट, पण घोड्याची मात्र भयंकर भीती. एकदा त्यांना घोड्याशेजारी उभं राहून फोटो काढायची हौस आली, म्हणून आम्ही एका तबेल्यात गेलो. घोडा बिचारा शांतपणे उभा होता. तो नुसता फुरफुरला, आणि बुवा वहिनींच्या मागे. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात घोडा आहे, घोड्याचा लगाम हातात घेऊन वहिनी आहेत, आणि वहिनींच्या खांद्यावरून एक हॅट दिसते.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. पण नव्या शतकाचं पहिलंदुसरं वर्ष असेल, हॉटेलात माणसं कमी येऊ लागली. बुवांचं ते गाणं जुनं झालं, रिमिक्सचे दिवस आले. एका संध्याकाळी हॉटेलच्या लेबनानी मॅनेजरने बुवांना बोलावून सांगितलं, "हबीबी, महिनाअखेर कॉन्ट्रॅक्ट खलास." कॉन्ट्रॅक्ट गेलं म्हणजे व्हिसा गेला, व्हिसा गेला म्हणजे घर गेलं आणि मुलीची शाळाही. बुवा आखाती देशात दुसरीकडे कुठे एकट्याने काम शोधणार आणि वहिनी मुलीला घेऊन माहेरी, खेडला जाणार, असं त्या दोघांनी स्वयंपाकघरात हळू आवाजात ठरवलेलं मी ऐकलं. प्लायवूडमधून सगळंच ऐकू येतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्यात माझी जागा जाईल याचंही थोडं होतं, खोटं कशाला बोलू.

पण मॅनेजरने एक फट ठेवली होती. एका अमेरिकन तेल कंपनीचं शुक्रवारचं जेवण हॉटेलच्या हिरवळीवर व्हायचं होतं, बायकापोरांसकट. त्यांना 'वेस्टर्न' थाट हवा होता. मॅनेजर म्हणाला, "तुझी हॅट आहे. काऊबॉय डान्सर आण, आठ तरी. पार्टी खूश, तर कॉन्ट्रॅक्ट पुढे. यल्ला, लाग कामाला."

"आहेत डान्सर," बुवा म्हणाले. घरी आल्यावर मी विचारलं, "कुठे आहेत?" तर म्हणाले, "रास अल खोरला."

रास अल खोर म्हणजे दुबईतला कारखान्यांचा भाग; तिथल्या एका वर्कशॉपात बुवांच्या तालुक्यातले वेल्डर आणि फिटर होते. त्यांचा म्होरक्या धाकूदादा, पन्नाशीचा, काटक माणूस. ही मंडळी गावी असती तर गणपतीत जाखडी नाचली असती. शहरातले लोक ज्याला बाल्या नाच म्हणतात तो. इथे गणपतीत कुणाला रजा मिळत नसे, आणि धाकूदादाच्या ट्रंकेत पायात बांधायचे चाळ तसेच पडून होते. बुवांनी सगळं सांगितल्यावर धाकूदादाने फक्त विचारलं, "म्हंजे वहिनी नि पोरगी गावाला जानार?"

"जमलं नाही तर."

"मग जमवाया पायजे. बुवानू, तुमी नुसता गाना बोला. पाय आमी बगताव."

तालीम वर्कशॉपच्या आवारात झाली. लोखंडी तुळयांच्या दोन थप्प्यांमध्ये बोळकांडीएवढी जागा होती, तिथे एकाने ढोलकी धरली, बाकीचे आठही जण एका ओळीत उभे राहून नाचले आणि अगदी झकास नाचले. टोकदार बूट कुणाकडे नव्हते, पण वर्कशॉपचे सेफ्टी बूट सगळ्यांकडे होते. त्यांवर त्यांनी चाळ बांधले. हॅटी बुवांनी देऱ्यातल्याच नाइफच्या बाजारातून आणल्या. मी दुरून पाहिलं आणि खरंच सांगतो, मला ते आठ काऊबॉय वाटले. फक्त जवळ गेल्यावर तंबाखू मळताना दिसले.

कार्यक्रमाच्या शुक्रवारी फेब्रुवारीतली छान हवा होती. हिरवळीवर उंटांच्या चाऱ्याच्या पेंड्या मांडल्या होत्या, चारही कोपऱ्यांत स्पीकर होते. वहिनी आणि मुलगी ज्यूसच्या टेबलाशी उभ्या होत्या, मी त्यांच्याबरोबर. समोर खुर्चीत कंपनीचा सर्वांत म्हातारा साहेब बसला होता, ढेरपोट्या, तांबूस, निवृत्तीला टेकलेला. मॅनेजर त्याच्या मागे हात चोळत उभा होता. बुवा गिटार घेऊन हिरवळीच्या मध्यभागी गेले. तिथे त्यांनी उभं राहायचं ठरलं होतं. पण त्या टोकदार बुटांनी टाचा सोलल्या होत्या, म्हणून ते हळूच एका पेंडीवर बसले.

तिथेच सगळं फिरलं. जाखडीत गाणारा मधे बसतो आणि नाचणारे त्याच्याभोवती गोल फिरतात. बुवा मधे बसलेले पाहिले, ढोलकीवर थाप पडली, समोर ऐसपैस हिरवळ होती. आठही जणांचे पाय पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने वळले. त्यांनी बुवांभोवती रिंगण धरलं, तोंडं आत, पाठी बाहेर, आणि आठ हॅटींच्या भिंतीआड आमचा पॉपस्टार दिसेनासा झाला.

"अहो, हे कुठे गेले?" वहिनी म्हणाल्या.

गेले कुठेच नव्हते. स्पीकरमधून त्यांचा आवाज चारी बाजूंनी येत होता. चाळ छुमछुमत होते आणि अमेरिकन बायका एकमेकींना कौतुकाने सांगत होत्या, की या काऊबॉयनी टाचांना घोड्याला टोचायचे काटेसुद्धा लावलेत. पोरं रिंगणाभोवती धावायला लागली. तीन-चार गाणी झाल्यावर बुवांनी ती अंगाई सुरू केली. ढोलकी थांबली, नुसती गिटार राहिली, आणि नाचणारे हळूहळू झुलत फिरू लागले. जेवणाच्या टेबलांवरची कुजबुज बंद झाली. म्हातारा साहेब पुढे झुकून ऐकत होता. मला वाटलं, जमलं. मी वहिनींकडे पाहून अंगठा दाखवला.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या, रिंगण सुटलं. बुवा लंगडत बाहेर आले तर मॅनेजर लालबुंद होऊन समोर उभा. "कॅसेट!" तो ओरडला. "हबीबी, आय पे फॉर लाइव्ह! यू हाइड अँड प्ले कॅसेट! खलास! कॉन्ट्रॅक्ट खलास!"

बुवांना काही कळेना. मी मधे पडलो. मॅनेजर मला म्हणाला, त्याने स्वतः ऐकलं, मधल्या एका ओळीत टेप ओढली गेली, आवाज जाड होऊन खाली गेला आणि परत वर आला. जिवंत माणूस असा गातो का? मी कपाळावर हात मारला. त्या गोवेकराच्या कॅसेटींपैकी ती एक खिडकीत उन्हात राहिल्यामुळे तिची टेप तिथे सैल झाली होती, आणि बुवांनी शिकताना ती सैल ओळसुद्धा जशीच्या तशी पाठ केली होती. संथेत बदल करायचा नसतो ना!

हे मी समजावतोय तोवर म्हातारा साहेब उठून आला. त्याला भांडणाचं काही माहीत नव्हतं. त्याने विचारलं, ही कॅसेट कुठे मिळेल? त्याच्या गावाकडचा आवाज आहे, असं गाणारे आता तिकडेही उरलेले नाहीत, तो कितीही पैसे द्यायला तयार आहे. मी ते बुवांना मराठीत सांगितलं. मॅनेजर विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहू लागला.

तेव्हा बुवा पुढे झाले. आयुष्यात त्यांना जे ऐकायची इच्छा होती ते त्यांनी नुकतंच ऐकलं होतं, आणि त्याच वाक्याने त्यांचा संसार उठत होता. त्यांनी छातीवर हात ठेवला.

"सर," ते म्हणाले, "आय ॲम कॅसेट."

आणि माइक नाही, गिटार नाही, तिथेच हिरवळीवर त्यांनी ती मधली ओळ म्हटली. आवाज विहिरीत उतरल्यासारखा खाली गेला आणि वर आला. मग संथेच्या नियमाप्रमाणे ती पुन्हा एकदा म्हटली, अगदी तश्शीच. मॅनेजरचं तोंड उघडं राहिलं. "खलास," तो हळूच म्हणाला, पण या वेळी त्याचा अर्थ वेगळा होता. म्हातारा साहेब इतका हसला, की त्याला आधार द्यावा लागला. पुढच्या शुक्रवारी आपल्या निरोपाचं जेवण इथेच, हाच गायक, हेच नाचणारे, असं त्याने जाहीर करून टाकलं. मॅनेजरने बुवांच्या खांद्यावर हात टाकला. "कॉन्ट्रॅक्ट टू इयर्स, हबीबी. टुमॉरो साइन." वहिनींनी डोळे पुसले. धाकूदादा येऊन म्हणाला, "बुवानू, चुकला आमचा. तुमी बसलास नि पाय फिरले. थांबंनात." बुवांनी त्याला मिठी मारली.

इथे खरं तर संपायला हवं होतं. पण साहेब अजून उभा होता. त्याने मला विचारलं, याला हे गाणं कशाचं आहे ते माहीत आहे का? मी म्हटलं, अंगाई. त्याने मान हलवली आणि सावकाश सांगितलं. मी एक एक वाक्य मराठीत करत गेलो. दुष्काळ पडतो. एका माणसाची जमीन जाते. त्याला बायको-मुलीला पोसता येत नाही, म्हणून तो झोपलेल्या मुलीला उचलून गाडीत ठेवतो, बायकोला शेजारी बसवतो आणि दोघींना सासऱ्याकडे पाठवून देतो. गाडीची धूळ खाली बसेपर्यंत तो रस्त्यात उभा राहतो.

बुवांनी हॅट काढून हातात घेतली. त्यांनी ज्यूसच्या टेबलाकडे पाहिलं. "हे?" ते म्हणाले. "हे म्हणून मी हिला झोपवत आलो?"

मुलगी तिथे नव्हतीच, वहिनींबरोबर आमच्या मागे येऊन सगळं ऐकत होती. "आय न्यू, बाबा," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं? मग सांगितलं का नाहीस?"

"यू ऑल्वेज स्माइल्ड व्हेन यू सँग इट. सो आय थॉट दे कम बॅक."

वहिनींनी तिला पोटाशी धरलं. "तुम्ही हसत म्हणत होतात ना," त्या बुवांना म्हणाल्या, "तिला वाटलं, त्या दोघी परत येतात."

त्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टवर सही झाली, पेढे वाटले गेले, पण एरवी शुक्रवार नसला तरी रोज वाजणारा कॅसेट प्लेअर काही लागला नाही. बुवा गच्चीवर येरझारा घालत. मला करमेना. ज्या आवाजाला मी रोज शिव्या दिल्या तो बंद झाला तर घर परकं वाटायला लागलं.

पुढच्या शुक्रवारी मॅनेजरने पेंड्यांची चांगली उंच चळत रचून बुवांना वर बसवलं, म्हणजे रिंगण कितीही फिरलं तरी माणूस दिसावा. बुवांनी सगळी गाणी म्हटली आणि शेवटी ते गाणं धरलं. पहिलं कडवं तसंच, अस्सल. पण मुलीला गाडीत ठेवायची ओळ आली आणि आवाज हलला. उच्चार बदलले, अमेरिका निघून गेली, आणि उरला तो संगमेश्वराकडचा एक बाप, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, नीट कळून गाणारा. टेप ओढली जायची ती ओळसुद्धा त्या दिवशी सरळ आली. साहेबाने डोळ्यांवरचा चष्मा काढला. त्या दिवशी कुणालाही ती कॅसेट वाटली नाही.

गाणं संपलं असं सगळ्यांना वाटलं. पण बुवा थांबले नाहीत. त्यांनी ढोलकीवाल्याला खूण केली आणि आठवडाभर गच्चीवर जुळवलेलं एक कडवं त्याच चालीत, मराठीत जोडलं:

"पाऊस झाला, माती भिजली, गाडी फिरली माघारी,
लेक उतरली पेंगत पेंगत आपल्या बापाच्या दारी."

जाखडीत गाणाऱ्याची शेवटची ओळ नाचणारे उचलून धरतात. इतके दिवस ते इंग्रजी बिचाऱ्यांना उचलता येत नव्हतं, म्हणून ते मुक्याने नाचत होते. आता मात्र धाकूदादाने मान वर केली, "बापाच्या दारी, बापाच्या दारी" म्हणत आठही जणांनी फिरता फिरता ओळ उचलली, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीनेही ती उचलली, चांगली मोठ्याने, सगळ्या अमेरिकनांसमोर.